वरच्या बाईंच्या नापास पेशी

या, असे जवळ सरकून बसा. उंबऱ्यावर टेकून, अर्धी चप्पल पायांत ठेवून ऐकायची ही गोष्ट नव्हे. आणि आधी मला थोडं रागावून घेऊ द्या. रक्त तपासायला जाता, दंड पुढे करून तोंड भिंतीकडे वळवता, संध्याकाळी मोबाइलवर रिपोर्ट आला की कुठला आकडा ठळक छापलाय तेवढं बघता, आणि काही नाही म्हटल्यावर वडे तळायला मोकळे! त्या एवढ्याशा नळीतल्या रक्तात अमुक आहे आणि तमुक नाही, हे ओळखलं कुणी, कशानं, कधी विचारलंत? बाजारात वांगी घेताना मात्र विचारता, खरंच ईरनगेरेच्या मळ्यातली आहेत का म्हणून. वांग्याची चौकशी करता आणि स्वतःच्या रक्ताची नाही, हे काही बरं नव्हे.

आमच्या म्हैसुरात चामुंडीच्या डोंगराच्या पायथ्यापासून हूटगळ्ळीच्या नव्या वसाहतींपर्यंत घरोघर फिरून शोधलंत, तरी आमच्या वरच्या मजल्यावर राहणाऱ्या बाईंइतका संशयी जीव तुम्हांला मिळायचा नाही. संशयी म्हणजे तसल्या अर्थानं नव्हे हं. माणसांवर त्यांचा आंधळा विश्वास. किल्ली दाराला लटकत ठेवून कामावर जातील, रिक्षावाल्याच्या हातात पर्स देऊन रस्त्यापलीकडे नारळपाणी प्यायला जातील. त्यांचा संशय होता तो वाक्यांवर. कुणी साधं बोलावं, 'आज फार उकडतंय नाही?' की यांचा प्रश्न तयार, 'कशाच्या मानानं, अक्का?' कशाच्या मानानं म्हणजे काय, बाई? घाम येतोय, पदरानं वारा घेतेय, आणखी काय पुरावा देऊ? पण नाही. एकट्या गोष्टीला चांगली, वाईट, गरम, गार, काही म्हणता येत नाही, शेजारी तुलनेला दुसरी ठेवावी लागते, असा त्यांचा सिद्धान्त. त्या शेजारच्या दुसरीला त्या 'कंट्रोल' म्हणत. आमच्या घरात हा शब्द त्यांनी आणला आणि मग तो डासासारखा कुठल्याही खोलीत ऐकू येऊ लागला.

घर बघायला आल्या तेव्हाचंच सांगते. साताऱ्याकडच्या, पन्नाशी ओलांडलेल्या, बिनलग्नाच्या. अर्धे पांढरे केस अंबाड्यात गुंडाळून त्यात पेन्सिल खोचलेली. मी म्हटलं, 'पाण्याची काळजी नको, कावेरीचं पाणी, अमृत आहे.' त्यांनी पिशवीतून दोन बाटल्या काढल्या. एक आमच्या नळाखाली भरली, दुसरी शेजारच्यांच्या. दोन्ही ठिकाणी कावेरीच! शेजारीण माझ्याकडे बघून डोळ्यांनी विचारतेय, कोण ग ही? दोन्ही बाटल्यांतलं पाणी चाखून बाई म्हणाल्या, 'तुमचं चांगलं आहे.' मी फुलले. लगेच पुढचं वाक्य, 'त्यांचंही तितकंच आहे.' अय्यो, अशी माणसं! पण त्याच दिवशी मी आमच्या ह्यांना सांगितलं, भाडेकरू ठेवायची तर हीच.

आमचं मराठी तीन पिढ्या कन्नडात भिजलेलं, त्यांचं खणखणीत वाळवलेलं. मी म्हणायची, 'सुम्ने बसा स्वल्प', म्हणजे उगीच बसा थोडं, तर त्या बसायच्या नाहीत. 'उगीच बसायचं म्हणजे नेमकं काय करायचं?' असं विचारत उभ्या राहायच्या. उगीच बसणं त्यांना शिकवता शिकवता माझे गुडघे गेले. त्यांचा जीव अडकलेला होता तो हूटगळ्ळीच्या एका छोट्या कंपनीतल्या एका खोलीत. तिथं त्या पेशी वाढवीत. ती खोली त्यांच्या हातून जाण्याची वेळ कशी आली आणि पुढे काय झालं, ते मला सांगायचंच आहे. पण आधी माणूस कळायला हवा, नाहीतर खोली काय, आपल्यालाही स्वयंपाकाची खोली असतेच.

तर कॉफी. म्हैसूरच्या घरात माणूस आला की फिल्टर कॉफी, हे काही विचारायचं असतं का? पहिल्या दिवशी त्यांनी घोट घेतला, डोळे मिटले. मी वाट बघतेय. 'अक्का, चिकोरी किती?' मी सांगितलं. 'मग एक बिनचिकोरीचा कप करता का? आणि कुठला कोणता ते मला सांगू नका.' त्या दिवसापासून आमच्याकडे कॉफी जोडीनं होऊ लागली. पेल्यांखाली चिठ्ठ्या, चव घेणाऱ्यानं डोळे मिटायचे, आणि पेले मांडणाऱ्यानं तोंडावरची रेषा हलवायची नाही, कारण तोंडावरून कळतं म्हणे. चव घ्यायला आमचे हे. डॉक्टरांनी ह्यांना दिवसाला एका कॉफीवर आणलेलं, पण शास्त्रासाठी म्हटल्यावर कोण बोलणार? चार दिवसांत हे वरच्या जिन्याकडे बघून म्हणायला लागले, 'बाईंचं विज्ञान फार पुढं जायला हवं.'

लष्कर मोहल्ल्यातल्या आमच्या शिंप्याकडे मी त्यांना नेलं, तीस वर्षं माझे ब्लाउज तोच शिवतो. मी म्हटलं, 'याचा हात सोन्याचा, मापसुद्धा लागत नाही, बघून शिवतो.' झालं. बाईंनी एकाच ताग्यातून दोन तुकडे कापून घेतले. एक माप घेऊन शिवा, एक नुसतं बघून. शिंपी बिचारा भिंगाचा चष्मा कपाळावर चढवून म्हणतो, 'मेडम, ओंदु साकल्वा?' एक पुरे नाही का? मी त्याला कन्नडात सांगितलं, बाबा, वाद घालू नकोस, यांच्या कंपनीत असंच असतं. दोन्ही ब्लाउज शिवून आले. बघून शिवलेला चांगला बसला, मापाचा काखेत काचायचा. मी विजयी मुद्रेनं बघतेय, तर बाई म्हणाल्या, 'पण अक्का, मापाचा त्यानं मुद्दाम बिघडवला नसेल कशावरून? त्याला माहीत होतं ना कुठला कोणता.' आणि तो काचणारा ब्लाउज टाकला नाही हं. दर गुरुवारी घालायच्या. जिन्यावरून उतरताना खांदा उडवायला लागल्या की आम्ही समजायचं, आज गुरुवार.

माझ्या कषायावरून मात्र खरं भांडण झालं. मिरे, सुंठ, धने, गूळ घालून आमची आजी करायची तो काढा, सर्दीला रामबाण. बाईंना सर्दी झाली, मी नेऊन दिला, बऱ्या झाल्या. पुढच्या सर्दीला मी वर गेले तर दार लावून बसलेल्या. आतून शिंकत म्हणतात, 'या वेळी नको, अक्का. ही कंट्रोल सर्दी आहे.' ती सर्दीही तितक्याच दिवसांत गेली. मी बोलणं टाकलं. चार दिवसांनी त्याच खाली आल्या, स्वयंपाकघराच्या दारात उभ्या राहून म्हणाल्या, 'रागावू नका. दोन सर्द्यांवरून काही सिद्ध होत नाही. तुमच्या काढ्याला न्याय मिळायचा तर मला अजून पुष्कळ सर्द्या व्हायला हव्यात.' आता अशा माणसावर किती वेळ रागवायचं? मी म्हटलं, 'होतील हो, देव देईल,' आणि दोघी हसलो.

त्यांचं काम त्यांनी मला गच्चीवर समजावलं. मी वाळवणाचे संडिगे उन्हात घालत होते, त्या कावळ्यांकडे लक्ष ठेवायला बसलेल्या. म्हणाल्या, कापलं की रक्तात जाळं विणलं जातं आणि रक्त गोठतं. त्या जाळ्याचा कच्चा धागा रक्तात सगळ्यांच्याच भरपूर असतो, फायब्रिनोजेन म्हणतात त्याला. जाळं विणताना धाग्याला धागा पक्का गाठला जातो. मग काम झालं की शरीर ते जाळं कातरतं आणि गाठ असलेले तुकडे रक्तात सुटतात. पायाच्या आत, फुफ्फुसात, नको तिथं गुठळी झाली असेल तर हे गाठीचे तुकडे वाढतात. डॉक्टरांना ते मोजायचे असतात. 'म्हणजे उसवलेल्या स्वेटरचे धागे ओळखायचे,' मी म्हटलं, 'बंडलातल्या नव्या लोकरीला हात न लावता.' 'अगदी! आणि लोकर डोंगराएवढी, तुकडे चिमूटभर.' तो तुकडा नेमका पकडणारी एक गोष्ट शरीर तयार करतं, अँटिबॉडी, कुलपाला एक किल्ली असावी तशी. ती करायला शिकते तो तुकडा टोचलेल्या उंदराची पेशी. पण ती पेशी अल्पायुषी. दुसरीकडे एक कर्करोगाची पेशी, तिला मरण नाही, पण अक्कल शून्य. बाई या दोघींना एकत्र करून एक करीत. जाणती आणि अमर अशी तिसरीच जन्माला येते, आणि तिची सगळी लेकरं तंतोतंत एकच किल्ली घडवतात. 'आणि ज्यांचं जुळत नाही त्यांचं?' मी विचारलं. 'पेशी ज्या पाण्यात वाढतात, त्या पाण्यात औषधच असं घातलेलं असतं, की बिनजोडीच्या जगत नाहीत.' मी संडिग्याचा डाव हातात धरून बघतच राहिले. 'बाई, तुम्ही स्वतः बिनलग्नाच्या, आणि असला कायदा करता?' 'म्हणून तर मी त्या पाण्यात उतरत नाही,' म्हणाल्या, आणि एका कावळ्यानं तेवढ्यात दोन संडिगे नेले.

गणपतीत त्यांची एक रीत होती. आम्ही कडुबु म्हणतो, ते मोदक, पहिला त्या मूर्तीपुढच्या मातीच्या उंदराला ठेवायच्या. गणपतीला नंतर. आमच्या सासरी कुणी असं केलं असतं तर सोवळं मोडलं म्हणून घर डोक्यावर घेतलं असतं. 'याचं देणं आधी,' एवढंच म्हणाल्या. आमचे हे चेष्टेनं बोलले, 'बाई, शेजारी एक कंट्रोल उंदीर नको का?' त्या हसल्या नाहीत. 'याला नको,' म्हणाल्या, आणि हात जोडून बराच वेळ उभ्या राहिल्या.

एकदा मी त्यांना टी. नरसीपूरला नद्यांच्या संगमावर घेऊन गेले. मी भाविकपणे दाखवतेय, ही कावेरी, ही कपिला, आणि तिसरी गुप्त आहे, ती डोळ्यांना दिसत नाही. मनात म्हटलं, आता काढतील बाटल्या. बाटल्या काढल्याच; संगमाआधीचं पाणी, संगमानंतरचं पाणी, भटजी आ वासून बघतोय. पण मग वाकून त्या न दिसणाऱ्या तिसरीला ओंजळभर पाणी वाहिलं. मी म्हटलं, 'तुमचा विश्वास आहे?' 'दिसत नाही म्हणून नाही, असं मी कधी म्हणणार नाही, अक्का. माझं सगळं आयुष्य न दिसणाऱ्याच्या मागं गेलंय. फक्त तिला दुसरं कुणी समजून हात जोडले जाऊ नयेत, एवढीच धडपड.'

आणि तीच धडपड अंगाशी आली. वर्षानुवर्षं पेशींची लग्नं लावून शेकडो किल्ल्या झाल्या, पण एकही पास होईना. परीक्षा अशी, की प्लास्टिकच्या ताटलीत बारीक खळगे असतात. काही खळग्यांत गाठीचे तुकडे चिकटवायचे, काहींत कंट्रोल म्हणून कच्चा धागा. जी किल्ली तुकड्याला चिकटेल आणि धाग्याला चिकटणार नाही ती खरी. पण जी तुकड्याला चिकटे, ती मेली धाग्यालाही चिकटे! बाई त्या पेशीला नापास करीत, कुपीत गोठवून नायट्रोजनच्या थंड टाकीत ठेवून देत, आणि पुन्हा पहिल्यापासून. संध्याकाळी स्कूटर लावतानाच्या आवाजावरून मला कळायचं. 'आज?' मी विचारायची. 'नापास,' म्हणून जिना चढायच्या. मी एकदा म्हणाले, 'एवढ्या कडक मास्तरीण कशाला होता? थोडं कमी-जास्त चालवून घ्या की.' बाई दोन पायऱ्या खाली आल्या. 'अक्का, उद्या तुमच्या पायात गुठळी झाली आणि माझ्या किल्लीनं चुकीचं सांगितलं, तर?' म्हटलं, मग राहा कडकच. पाय माझे होते.

शेवटी कंपनीच्या मालकांनी सांगून टाकलं. वाईट माणूस नव्हे. त्यांनी पुष्कळ वाट पाहिली. पण परदेशातून तयार अँटिबॉडी मिळते, ती आणू, तपासणीचे किट बनवू, पेशींची खोली दिवाळीला बंद. टाकी रिकामी करायची. बाईंना कंपनीच्या वरच्या मजल्यावर कागद तपासायचं टेबल देतो म्हणाले. त्या दिवशी बाईंनी स्कूटर लावली आणि तिथंच पायरीवर बसल्या. पेन्सिल केसांतून निसटून पडली तरी उचलली नाही. मी शेजारी बसले. 'टेबल काय वाईट, बाई? सावलीत बसायचं.' 'पेशी नसतील तर मी तिथं कोण, अक्का?' म्हणाल्या. 'आणि मी तिथं कुणी नसेन, तर म्हैसुरात कशाला?' मला पहिल्यांदा कळलं, की जाणार होती ती नुसती खोली नाही. आमचा वरचा मजला जाणार होता. आत जाऊन मी कॉफी केली, एकच पेला, आणि त्यांनी कशाच्या मानानं वगैरे काही न विचारता प्यायली. त्यानं मी जास्त घाबरले.

दसऱ्याची गर्दी चालू होती. अंबारी बघायला आलेले आमचे पाहुणे गॅलरीत झोपत होते, आणि बाई सुट्टीतही कामावर. टाकी रिकामी करण्याआधी प्रत्येक नापास पेशीला त्यांना एकदा बाहेर काढून जागी करायची होती. निरोप म्हणा. मी हसले, 'रद्दी टाकताना वाचत बसतात तसं.' पण खोली बंद व्हायची म्हणून भांडारातून ताटल्या येणं थांबलेलं. उरल्या होत्या त्या तुकडे चिकटवलेल्याच. कच्चा धागा चिकटवायला ताटली नाही. आणि कंट्रोलशिवाय तर बाई पाणीसुद्धा पीत नाहीत! मग त्यांनी काय केलं, धागा चिकटवायच्या ऐवजी तसाच पातळ द्रवात सोडला, त्यात किल्ली मिसळली, आणि ते मिश्रण तुकड्यांच्या ताटलीत घातलं. किल्लीला धाग्याची खरंच ओढ असेल, तर ती धाग्यातच अडकून राहील, तुकड्याकडे यायचीच नाही. हिशेब सरळ.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी पाहुण्यांना पानं वाढतेय, आणि बाई अनवाणी दारात. गुरुवार नव्हता, तरी काचणारा ब्लाउज घातलेला, म्हणजे कपाटातून हाताला लागेल ते चढवून गेल्या होत्या. सगळ्यांसमोर म्हणाल्या, 'अक्का, मी साक्षीदाराची कधी उलटतपासणीच घेतली नाही.' पाहुण्यांना वाटलं वकील आहेत. मी हात धुवून त्यांना मागच्या अंगणात नेलं. एक किल्ली धाग्याला ओलांडून सरळ तुकड्याकडे आली होती. अडकलीच नव्हती! मग आजवर ताटलीत धाग्याला का चिकटत होती? तर प्लास्टिकला चिकटवला की धागा पसरतो, उलगडतो, त्याचं आतलं बाहेर येतं. रक्तात वाहताना तो असा नसतोच. म्हणजे किल्ली खरं बोलत होती. खोटं बोलत होता तो कंट्रोल. 'सगळ्या जगावर संशय घेतला,' बाई म्हणाल्या, 'आणि ज्याच्या जिवावर घेतला त्याला विचारलंच नाही, तू तरी खरा आहेस का?' त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं आणि हसत होत्या. मला ते सगळं कळलं असं नाही. पण आमच्या धाकट्या नणंदेच्या नवऱ्याला मी फक्त लग्नाच्या मांडवांत बघत आले, आणि तिथं तो नेहमी फुगून बसलेला. मग कित्येक वर्षांनी घरी लुंगीवर बसून फणस कापताना पाहिला आणि म्हटलं, अरे, हा तर मऊ माणूस! तसंच काहीसं असावं.

आता दुसरं कुणी असतं तर पेढे वाटले असते. या बाई! त्यांनी आपल्या आनंदावरच संशय घेतला. पुन्हा करून पाहिलं, दुसऱ्या पद्धतीनं पाहिलं, दुसऱ्या माणसाकडून, कुठलं कोणतं न सांगता, करवून घेतलं. मालकांकडून दिवाळीच्या पुढची थोडी मुदत मागून घेतली. मग खऱ्या रक्तावर पाहायचं ठरलं. धडधाकट माणसांच्या रक्तात धागा भरपूर, तुकडे नाहीत जवळजवळ, तिथं किल्लीनं गप्प राहायला हवं. कंपनीतल्या लोकांनी आपापलं रक्त दिलं. मी पण पदर खोचून तयार, 'माझंही घ्या.' बाई संकोचल्या. 'तुमचं नको, अक्का.' 'का? मी धडधाकट नाही?' 'आहात. पण वय झालं की प्रत्येकाच्या रक्तात थोडे तुकडे असतातच. तुम्ही कंट्रोल म्हणून चालणार नाही.' इतकी वर्षं यांच्या दोन-दोन कॉफ्या केल्या, आणि मी कंट्रोल म्हणून चालणार नाही! आमचे हे आतून ओरडले, 'मी सांगतो बाई, ती कंट्रोलमध्ये कधीच नव्हती!'

किल्ली गप्प राहिली. आणि हॉस्पिटलातून आलेल्या, गुठळी झालेल्या रोग्यांच्या रक्तात बोलली. मालक स्वतः आमच्या घरी मैसूरपाक घेऊन आले, खोली बंद करायचं नाव नाही. महिनाभर आमच्या जिन्यावर कुणीतरी गुणगुणत चढत होतं, बेसूर. कशाच्या मानानं बेसूर ते विचारू नका.

पण चांगली गोष्ट घडली की ती आपल्या घरात कुठं मावते? ती एक पेशी, तिची लेकरं आता मोठ्या टाक्यांत वाढवायची, हजारो किट करायचे, एवढी जागा हूटगळ्ळीत नाही. पुण्याकडच्या एका मोठ्या कंपनीनं ते काम घेतलं, आणि म्हणाले, पेशीबरोबर बाईही हव्यात. तिच्या खोड्या यांनाच माहीत. मालकांनी सांगितलं, तुमची खोली इथं आहेच, राहायचं तर राहा. म्हणजे निर्णय बाईंवर आला. नापास झाल्या असत्या तर जावं लागलं असतं. पास झाल्या म्हणून जायचं की नाही ते विचारत होते. बाई आठवडाभर माझ्या स्वयंपाकघरात येऊन भाजी निवडत बसल्या. मेथीची पानं टाकून देऊन काड्या ताटात ठेवल्या, मी पानं पुन्हा वेचून घेतली.

'काय ठरवलंत?' मी शेवटी विचारलं.

'जाऊन बघता येईल,' म्हणाल्या. 'पण मग न जाता काय झालं असतं ते कसं कळणार? एकाच माणसाला दोन्ही करून पाहता येत नाही, अक्का. याला कंट्रोल नाही.'

मी म्हटलं, 'लग्न करून आम्ही या घरात आलो तेव्हा आम्हांला कुठं होता?' त्या मान खाली घालून पुन्हा मेथी निवडू लागल्या. मग मीच म्हटलं, 'जा. तुमची लेक परक्या घरी एकटी कशी पाठवता? पहिले दिवस कुणीतरी सोबत राहायला हवंच.' हे बोलताना माझा आवाज अगदी सरळ होता. तोंडावरची रेषाही हलवली नाही. एवढं तर मी त्यांच्याकडून शिकलेच होते.

गेल्या. जाताना रडल्या नाहीत, मीही नाही. आमचे हे रडले. आता रविवारी फोन येतो. तिकडे मोठी काचेची इमारत आहे म्हणे, स्टीलच्या टाक्या, पांढऱ्या डगल्यांतली तरुण मुलं-मुली. यांना तिथं फार मान. परवा विचारलं, 'सुखात आहात ना?' तर हळू आवाजात, तक्रार करावी तशा म्हणाल्या, 'अक्का, इथं सगळे माझ्यावर विश्वास ठेवतात. मी म्हणेन ते बरोबर. कुणी भांडतच नाही.'

अय्यो बाई, मग तिथं जेवता तरी कसं? इथं मी बसलेय की रिकामी, तोंड शिवशिवतंय. वरचा मजला झाडून ठेवलाय, भाड्यानं दिलेला नाही. हे विचारतात का, तर मी सांगते, माणसं बरी मिळत नाहीत. कशाच्या मानानं, ते ह्यांनी विचारलेलं नाही, तेवढी समज त्यांना आहे. सुट्टी काढा चार दिवस. रेल्वेनं या नाहीतर बसनं या, पण असं फोनवर हळू आवाजात बोलत राहू नका. इथं आलात की मी पहिल्याच मिनिटाला सांगेन, तुम्ही वाळलात म्हणून, आणि तुम्ही म्हणा, नाही. मग बघू कोण खरं ते. लवकर या बघू.